माटोळीच्या कड्या

श्रावण सरत आला होता. पंचांगाप्रमाणे शरद ऋतूला अद्याप अवकाश होता. परंतु हळर्णच्या डोंगराला पंचांग वाचता येत नाही. त्याने तेरड्याची जांभळी शाल केव्हाच अंगावर ओढून घेतली होती. शापोरा नदीचे गढूळ पाणी निवळू लागले होते, शेतातल्या भाताने पोटरी धरली होती आणि किल्ल्याच्या पडक्या तटावर ऊन असे पडत होते की जणू कोणी तूप सांडले आहे. सृष्टी आपले घर सजवावयास बसली की माणसालाही स्वस्थ बसवत नाही.

अशाच एका रविवारी सकाळी गुरुदास आपल्या नव्या घराच्या हॉलात माटोळीची चौकट घेऊन उभा होता. चवथीला गणपतीच्या बरोबर मस्तकावर ही लाकडी चौकट टांगावयाची, आणि डोंगरात, शेतात नि परसात त्या ऋतूत जी जी फळे, फुले नि पाने तयार असतील ती ती तिला बांधावयाची, हा त्या मुलखाचा रिवाज. गुरुदासाच्या घरची चौकट त्याच्या पणजोबांनी केलेली. पोफळीच्या रिपा, चुलीच्या धुराने काळ्याभोर झालेल्या, परंतु वाळवीला अद्याप भीक न घालणाऱ्या. त्याने ती पोत्यातून सोडवली, ओल्या फडक्याने पुसली, खोबरेल तेलाचा हात दिला. मग, किती उंचावर येईल याचा अंदाज घ्यावा म्हणून मान वर केली.

वर चुन्याने रंगवलेला पांढराशुभ्र स्लॅब होता. एखाद्या धुतलेल्या ताटासारखा गुळगुळीत. त्याला कोठेही कडी नव्हती.

गुरुदासाला प्रथम वाटले की आपण चुकीच्या ठिकाणी पाहत आहोत. तो दोन पावले सरकला. नंतर भिंतीजवळ गेला. नंतर दारात जाऊन तेथून पाहिले.

त्याची बायको विनोदिनी चहा आणि पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पांव घेऊन आली ती दारातच थबकली.

"अवो, वर काय बघतास? पाल पडली काय?"

"कड्यो," गुरुदास म्हणाला.

"कसल्यो कड्यो?"

"माटोळेच्यो. चार कड्यो. खंय असत?"

विनोदिनीनेही मान वर केली. क्षणभर दोघेही ढग पाहणाऱ्या शेतकऱ्यांसारखी वर पाहत राहिली. मग तिने चहाचा कप जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, ठेवला आणि अतिशय हळू आवाजात, कारण नवऱ्याचा थोरला भाऊ परसात होता, म्हणाली, "तुमच्या झोपाळ्याच्यो कड्यो याद ऱ्हवल्यो. देवाच्यो तेवड्यो इसारलास."

हे बोलणे गुरुदासाच्या काळजात रुतले, कारण ते खरे होते.

गुरुदास डिचोलीकडच्या एका खाणीवर टिप्पर चालवीत असे. दिवसभर लाल धूळ खाऊन घरी आल्यावर बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, झोपाळ्यावर बसावे, पाय जमिनीला लावून हलकेच झोका घ्यावा, आणि समोरच्या पोफळींकडे पाहत राहावे, एवढीच त्याची ऐषारामाची कल्पना होती. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाल्यानंतरच्या त्या वर्षांत गावोगाव मातीची घरे उतरवून स्लॅबची घरे उभी राहत होती. गुरुदासानेही मनावर घेतले. त्याचा थोरला भाऊ शंभू, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, शेती पाहत असे. त्याला हे पटले नव्हते. "स्लॅब म्हणजे भट्टी," असे तो म्हणे. परंतु धाकट्याच्या हौसेआड तो आला नाही. जुन्या घराची कौले उतरवण्याच्या दिवशी त्याने माजघराच्या वाशावर हात ठेवला आणि म्हणाला,

"गुरू, घर तुज्या मनासारख्या बांद. माजा एकच म्हणणा. जुन्या घरात जा जा होता, तेतला कायएक नव्या घरात उणा पडता नये."

"एक खिळोसुद्दा उणो पडाचो नाय, दादा," गुरुदासाने शब्द दिला होता.

आणि त्याने खरोखर जपले होते. जुन्या घराचा उंबरठा नव्याला बसवला. तुळस होती तेथेच ठेवली. गणपतीची जागा पूर्वेच्या भिंतीशी, पूर्वी होती तेथेच, वीतभरही न हलवता धरली. स्लॅब ओतण्याच्या दिवशी तो पहाटेपासून फळ्यांवर उभा होता. सळ्यांच्या जाळ्यात त्याने स्वतः वाकून पंख्याचा हूक बांधून घेतला, बलकांवातल्या झोपाळ्याच्या चार जाडजूड कड्या बांधून घेतल्या, आणि पुढेमागे लागेल म्हणून आतल्या खोलीत पाळण्याचीही एक कडी बांधून घेतली. त्यावर बाबली गवंडी मिस्किलपणे हसला होता आणि विनोदिनी लाजून खाली निघून गेली होती. एवढे सगळे आठवले. माटोळीच्या कड्या तेवढ्या आठवल्या नाहीत. वास्तविक पाहता त्या आठवण्यासारख्या नव्हत्याच. जुन्या घरात त्या पणजोबांच्या वेळेपासून वाशांना होत्या. त्या कोणी लावल्या असतील, असा विचारही कधी कोणाच्या मनात आला नव्हता. डोक्यावरचे आभाळ कोणी बांधले, असे कोणी विचारते काय?

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गुरुदासाने बाबलीला गाठले. बाबली मूळचा पलीकडचा, सिंधुदुर्गातला. पण गवंडीकामाच्या निमित्ताने पेडणे तालुक्यात त्याचे इतके दिवस जात की त्याच्या गावच्या कुत्र्यांनीही त्याच्यावर भुंकावयास सुरुवात केली होती. तो आला, विडी विझवली, हॉलात उभा राहून वर पाहिले आणि म्हणाला, "अरे देवा! आमच्या घराकडेय माटवी बांदतत. मगे माका कसा आठवला नाय?"

"ता जावंदे. आता काय करूया सांग. छिनयेन चार भोका मारशीत?"

"मारतंय. पण ऐक. आत सळये असत. छिनी सळयेर बसली की तडो जातलो. ह्या वर्सा काय दिसाचा नाय. फुडच्या पावसात गणपतीच्या डोक्यार थेंब थेंब अभिषेक सुरू. भटजीक सांगाची गरज नाय."

"मगे त्या पंख्याच्या हुकाक बांदूया?"

बाबलीने पंख्याकडे पाहिले. पंखा हॉलाच्या अगदी मधोमध होता, आणि गणपतीची जागा पूर्वेच्या भिंतीशी.

"म्हणजे पंखो काडून देवाक मधी हाडून बसवतलंस? लोक आरतेक खंय उबे ऱ्हवतले, देवाच्या पाटीमागे? आनी एका हुकार चौकट ऱ्हवात काय? ती गरागरा फिरतली, पंख्याच्या जाग्यार पंखोच."

"आनी झोपाळ्याच्यो कड्यो?"

"त्यो बेस असत," बाबली गंभीरपणे म्हणाला. "चार म्हशी टांगल्यो तरी हलाच्यो नाय. पण देव काय बलकांवात बसतलो, येणाऱ्या जाणाऱ्याक हात करीत?"

गुरुदासाला हसू आले आणि त्याच क्षणी रडूही आले. भरलेली माटोळी म्हणजे काही कागदी पताका नव्हे. असोले नारळ, सुपारीचा कात्रा म्हणजे अख्खा घोस, चिबूड, मोठ्या लिंबासारखे तोरिंगण, निरफणस, सगळे मिळून दोन माणसांना उचलताना दम लागेल एवढे वजन. चुन्यात ठोकलेल्या खिळ्यांनी ते पेलण्यासारखे नव्हते.

मनुष्य अडचणीत सापडला की त्याला सोपी वाट दाखविणारे पुष्कळ भेटतात. शुक्रवारी गुरुदास म्हापशाच्या बाजारात गेला. तेथे एका दुकानापुढे थर्मोकोलची मखरे रचून ठेवली होती, आणि वर प्लॅस्टिकची फळे लोंबत होती. सफरचंदे, द्राक्षांचे घोस, पिवळीधमक केळी. त्याने एक घोस हातात घेतला. वजन कापसाएवढे. हे नुसत्या दोऱ्याने नि चिकटपट्टीने स्लॅबला लागेल, आणि वरून पुढच्या वर्षी पुसून पुन्हा वापरता येईल, असे दुकानदार म्हणाला. गुरुदासाच्या मनाने नको म्हटले, परंतु हाताने पिशवी घेतली.

घरी पोहोचला तेव्हा बलकांवात दादाची बायको कमलाक्षी वहिनी बसून फुगडीची गाणी गुणगुणत सुपाऱ्या निवडत होती, आणि दादा केवणीच्या सालीचा दोर वळत होता. केवण हे त्या डोंगरातले झुडूप. माटोळी त्याच्याच सालीच्या दोराने बांधतात. गुरुदासाने पिशवी मागे लपवण्याचा प्रयत्न केला. परंतु अंगणातले वासरू ती नेमकी हुंगावयास आले. त्याने आतल्या हिरव्या पानाला तोंड लावले, जिभेवर घोळवले, आणि असे फुरफुरले की पिशवीच खाली पडली. एक लालचुटूक सफरचंद टुणटुण उड्या मारीत दादाच्या पायापाशी गेले.

दादाने ते उचलून उन्हात धरले. "गुरू, ह्या सफरचंद खंयच्या डोंगरार जाता रे?"

कमलाक्षी वहिनीने ते घेऊन दाराच्या चौकटीवर आपटले. "पोकळ!" ती म्हणाली. "आमच्या गुरूच्या डोक्यासारख्या."

एरवी या बोलण्यावर गुरुदास मोठ्याने हसला असता. आज तो हसला नाही, आणि वहिनीच्या ते ध्यानी आले. तिने सुपाऱ्या बाजूला सारल्या. गुरुदासाने मग सगळे सांगून टाकले. एवढ्यावरच तो थांबला नाही. पंख्याचा हूक आठवला, झोपाळा आठवला, पाळणा आठवला, हेही सांगितले, कारण अर्धे सांगितलेले सत्य हे खोट्याचेच धाकटे भावंड असते, असे त्याला वाटत असे.

दादा उठला. हॉलात जाऊन स्लॅबकडे पाहिले. परत बाहेर येऊन झोपाळ्याच्या चार कड्यांकडे पाहिले. तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने हातातला दोर गुंडाळून खुंटीला अडकवला आणि शांतपणे म्हणाला, "मगे ह्या वर्सा आमचो गणपती गोकुळदासागेर बसतलो. थंय वासे असत."

गोकुळदास हा त्यांचा चुलतभाऊ. त्याचे कौलारू घर वहाळाच्या पलीकडे होते. तो माणूस भला, आणि देवाला त्याच्याकडे काही उणे पडले नसते. परंतु या बोलण्याचा अर्थ गुरुदासाला पुरता ठाऊक होता. देव एकदा दुसऱ्याच्या पाटावर बसला की त्याला परत आणण्यासाठी देवळात कौल लावावा लागतो. आणि कौल उजवा होईल की डावा, हे कोणी सांगावे? त्याने ज्या घरासाठी उन्हातान्हात रक्त आटवले, त्या घरात कदाचित चवथ कधीच साजरी झाली नसती. आरतीच्या वेळी त्याला आपले घर कुलूप लावून वहाळ ओलांडावा लागला असता.

"दादा," तो म्हणाला, "तू तयेच्या दिसा डोंगरात जातलंस. परत येय सर माका वेळ दी."

तय म्हणजे चवथीचा आदला दिवस. दादाने त्याच्याकडे पाहिले. "वेळ घे," तो म्हणाला. "पण त्या स्लॅबाक छिनी लावू नको. बांदलंस ता बांदलंस. ता मोडून देवाक नाका."

दुसऱ्या शुक्रवारी गुरुदासाने प्लॅस्टिकची पिशवी परत नेली. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत. त्याऐवजी कापूर आणि उदबत्त्या दिल्या. गुरुदासाने ते मुकाट्याने घेतले.

पुढचे दिवस त्याने टिप्पर चालवला खरा, परंतु त्याचे चित्त वर होते. डोंगर, झाड, विजेचा खांब, जे जे काही दुसऱ्याला वर धरून उभे आहे ते ते तो निरखीत असे. चवथ अगदी उंबरठ्यावर आली. एका संध्याकाळी विनोदिनीने त्याला हाक मारली.

"अवो, परसातली दोडकी काडून दिया. माजो हात पोचणा नाय. आनी त्या लांब दोडक्याक हात लावू नका, ता माटोळेक ठेवलंय." इतके बोलून तिने जीभ चावली.

गुरुदास परसात गेला. तेथे विनोदिनीने आपला दोडक्यांचा मांडव घातला होता. पावसाच्या सुरुवातीला तिने कोणालाही न विचारता, घरामागे पडलेले पोफळीचे दांडे उभे केले होते, वर आडवे बांबू टाकले होते, आणि वेल सोडले होते. आता त्या मांडवावर पान दिसत नव्हते इतकी दोडकी नि काकड्या लोंबत होत्या. गुरुदासाने वर हात केला, आणि हात तसाच राहिला.

चार पाय. वर चौकट. चौकटीला लोंबणारी फळे. आणि वर कोणताही वासा नाही, कडी नाही, स्लॅब नाही, उघडे आकाश.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली. हे दांडे त्याने ओळखले. घराच्या जागेसाठी ज्या पोफळी तोडाव्या लागल्या होत्या त्यांचेच हे. स्लॅब ओला असताना हेच टेकू होऊन त्याच्याखाली उभे राहिले होते, आणि तो सुकल्यावर बाबलीने ते काढून मागे फेकले होते. ज्यांनी एवढे घर डोक्यावर धरले त्यांना माटोळी जड होईल काय?

"विनोदिनी!" तो ओरडला. "गो, हय ये!"

"काय झाला? पडलास?"

"नाय. तू ह्यो मांडव कोणाक इचारून घातलंस?"

"कोणाक इचारूचा? माजी दोडकी, माजो मांडव."

"तुजे पाय धरूचे असत माका."

"आधी दोडकी धरा," विनोदिनी म्हणाली. परंतु तिनेही मांडवाकडे पाहिले, नंतर घराकडे पाहिले, आणि तिला समजले. ती इतक्या जोरात हसली की वासरू दावे ओढून उभे राहिले.

घरामागे तसलेच चार दांडे अजून उरले होते. गुरुदासाने ते धुतले, घासले, मापाने कापले. पण हॉलात लाल सिमेंटची घोटलेली जमीन. तेथे दांडा उभा राहील कसा? खड्डा करणे म्हणजे पुन्हा घराला इजा. तेव्हा बाबलीला बोलावणे गेले.

"बांदकामाचे चिरे उरले असत मा?" बाबली म्हणाला. "मगे चार चिऱ्यांका मधी भोक पाडूया. दांडो आत रोवलो की खंय जातलो? खाली सुंभाची चटई घाल, म्हणजे जमिनीक वरखडो येवचो नाय." आणि छिनी काढता काढता तो म्हणाला, "स्लॅबाक छिनी लावूची नाय म्हणालंय. चिऱ्याक लावूची नाय म्हणून कोणी म्हणाला नाय."

लाल चिरा हा दगड असला तरी मनाचा मऊ. चार चिऱ्यांना गोल भोके पडली. त्यात चार दांडे बसले. वर पणजोबांची काळी चौकट टेकली. कमलाक्षी वहिनी आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, घेऊन आली आणि म्हणाली, "मुंजीची बोवली कशी दिसता. आता मुंज कोणाची, देवाची काय?" परंतु एवढे बोलून तिने स्वतःच टाळे चिऱ्यांभोवती रचले, त्यामुळे पायथे झाकून गेले.

तयेच्या दिवशी दादा पहाटे डोंगरात गेला आणि दुपार कलता डोकीवर भारा घेऊन परतला. त्याची एक रीत होती. वेलावर तीन फळे असली तर तो एकच घेई. एक पाखरांचे नि एक डोंगराचे, असे म्हणे. म्हणूनच भारा लहान वाटे, परंतु सोडला की त्यातून अवघा डोंगर बाहेर पडे. लालभडक कवंडळे, केशरी कांगण्यांचे झुबके, पिवळे हरणे, वाघनखीची ज्वाळेसारखी फुले, आणि त्या सगळ्याला मिळून येणारा ओल्या मातीचा नि रानाचा वास.

त्याने भारा उंबरठ्याशी उतरवला आणि मान पुसत आत पाहिले.

पूर्वेच्या भिंतीशी, गणपतीच्या चौरंगाभोवती, चार खांबांची माटोळी उभी होती. अद्याप रिकामी. गुरुदास एका बाजूला उभा होता. बोलावयाचे पुष्कळ त्याने मनाशी जुळवून ठेवले होते. 

"माटोळी टांगतत," दादा म्हणाला. "उबी करनत नाय."

"होय, दादा."

"मगे ह्या काय?"

"ही उबी असा," गुरुदास म्हणाला. "पण फळा टांगतलीच मा? देवाच्या डोक्यार रान येवचा, ता येतला. स्लॅब फोडूचो नाय म्हणालंस, फोडलंय नाय. नवा काय इकत हाडलंय नाय. हे दांडे आपल्याच पोफळीचे, चिरे घराचे. चौकट पणज्याची. जुन्या घरातला उणा पडला, ता माजा चुकला. पण मी दुसऱ्याच्या उंबऱ्यार देवाक धाडूक तयार नाय. तू नको म्हणालंस, तर आताच काडतंय."

विनोदिनीने पदराचे टोक मुठीत धरले होते. गोकुळदासाकडे निरोप धाडावयाचा की नाही, ते आता ठरावयाचे होते.

दादा पुढे झाला. त्याने एका खांबाला हात लावून हलवला. खांब चिऱ्यात घट्ट होता. परंतु वरची चौकट किंचित डोलली.

"डोलता," दादा म्हणाला.

गुरुदासाचे तोंड उतरले.

दादाने चौकटीच्या कोपऱ्याकडे पाहिले. तेथे गुरुदासाने चौकट खांबाला बांधली होती. दादाने डोळे बारीक केले. "ही गाठ कोणी मारली?"

"मी."

"गाठ ही? ही टिप्परावरच्या ताडपत्रेची गाठ. वारो लागलो की सुटात. सरक." आणि दादाने ती गाठ सोडली. कमरेची केवण काढली, दाताने सोलली, आणि कोपऱ्याला तिढा देऊन अशी आवळली की रिपा नि दांडा एकजीव झाले. मग तो दुसऱ्या कोपऱ्याकडे वळला. "विनोदिनी, बांबूच्यो दोन काठ्यो हाड. मांडव कधी घातल्यात तुमी? कोपऱ्यात तिरको आधार नको?"

"मी घातल्लंय," विनोदिनी म्हणाली. "माज्या मांडवाक तिरको आधार असा. तुमच्या भावान बघलो नाय."

"तो दोडकी बघीत ऱ्हवलो असतलो," दादा म्हणाला.

कमलाक्षी वहिनीने तोंडाला पदर लावला. गुरुदासाच्या छातीवरून जणू भरलेला टिप्पर रिकामा झाला. काढा, असे दादा म्हणाला नव्हता. ठेवा, असेही म्हणाला नव्हता. परंतु जे मोडावयाचे असते त्याच्या गाठी कोणी नीट करीत बसत नाही.

तिरके आधार बांधून झाले. दादाने पुन्हा खांब हलवला. आता जणू घरच हलले असते, पण माटोळी हलली नसती. मग रिवाजाप्रमाणे पहिली वस्तू थोरल्याने बांधावयाची. दादाने सुपारीचा कात्रा उचलला आणि दोर तोंडात धरल्यामुळे अर्धवट शब्दांत म्हणाला,

"स्लॅब ओतलो तेन्ना मी खंय होतंय?"

"हयच," गुरुदास म्हणाला. "माणसांका जेवणा वाडत होतंस."

"मगे माका खंय आठवल्यो त्यो कड्यो?" त्याने गाठ आवळली. "पंचवीस वर्सा त्या कड्यांका मी माटोळी बांदलंय. दर वर्सा वर बघलंय. आनी ज्या दिसा बघूची गरज होती, त्या दिसा भाताची ताटा बघीत बसलंय. आता सगळा तुज्या एकट्याच्या माथ्यार कित्याक?" आणि लगेच, बोलणे फार झाले असे वाटून, तो गरजला, "तोंडा काय बघतास? चिबूड हाडा! दिवस बुडालो की माका दिसणा नाय!"

मग जी धांदल उडाली ती सांगता सोय नाही. असोले नारळ चारी कोपऱ्यांना लागले. मधे तोरिंगण, त्याच्या एका बाजूस निरफणस, दुसऱ्या बाजूस चिबूड. विनोदिनीचे ते राखून ठेवलेले लांब दोडके दर्शनी आले. कांगण्यांचे झुबके आंब्याच्या टाळ्यांतून ठिणग्यांसारखे डोकावू लागले. बाबली आपल्या गावी चवथीला निघाला होता. वाटेत सहज म्हणून डोकावला, आणि बस चुकेल म्हणत म्हणत हरण्यांच्या जुड्या बांधीत बसला. सर्वांत शेवटी दादाने कवंडळे बांधली, आणि दिवा लावल्यावर ती लाल दिव्यांसारखी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी गणपती त्या मांडवाखाली बसला. आरतीला वहाळापलीकडून गोकुळदासही आला. त्याने माटोळीखाली वाकून इकडून पाहिले, तिकडून पाहिले, आणि म्हणाला, "शंभू, आमचे वासे वाळवीन खाल्ले असत. फुडच्या वर्सा माकाय चार चिरे देशीत?"

"बाबलीक इचार," दादा म्हणाला. "तो चिऱ्याक भोक पाडता. स्लॅबाक पाडणा नाय."

विसर्जन झाले. त्या माटोळीतले वाया काहीच गेले नाही. चिबूड कापून वाडीत वाटला, नारळ स्वयंपाकात गेले, सुपाऱ्या वहिनीने वाळत घातल्या, पाने वासराने मोठ्या आनंदाने खाल्ली. पिकलेली कवंडळे घेऊन दादा डोंगराच्या पायथ्याशी गेला आणि ती फोडून कुंपणाच्या कडेला पेरून आला. दांडे मात्र विनोदिनीने काढू दिले नाहीत. "नव्याच्या पुनवेक लागतले," ती म्हणाली. त्याप्रमाणे आश्विनात शेतातल्या भाताची पहिली कणसे आली तेव्हा ती आंब्याच्या पानांत गुंडाळून तिने दाराला बांधली, आणि उरलेल्या कणसांच्या जुड्या त्याच चौकटीला लावल्या. सारा हॉल नव्या भाताच्या वासाने भरून गेला. पणजोबांची काळी चौकट आणि तिच्यावर सोन्यासारखी कणसे. त्यापुढे म्हापशाच्या बाजारातले कोणतेही मखर फिके पडले असते.

त्या पुनवेच्या संध्याकाळी गुरुदास कामावरून येऊन, हातपाय धुऊन, झोपाळ्यावर बसला होता. चांदणे अंगणात उतरू लागले होते. दादा दारात उभा राहून विडी पेटवीत होता. नवे घर झाल्यापासून तो त्या झोपाळ्यावर कधी बसला नव्हता. पायरीवर नाही तर तुळशीच्या कट्ट्यावर बसे, आणि गुरुदासाला ते कळत असे.

दादाने वर पाहिले. चार जाड कड्या चांदण्यात चमकत होत्या.

"चार म्हशी टांगल्यो तरी हलाच्यो नाय, असा बाबली म्हणालो मा?"

"होय."

"मगे थोडो सर," दादा म्हणाला, आणि येऊन त्याच्या शेजारी बसला.